आईने दिलेलं काम

प्रिय दादा,

सहा वर्षांत माझ्या एकाही पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. दगडावर डोकं आपटल्यासारखं झालं होतं, म्हणून मीही लिहायचं सोडलं. हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाच. कालपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आमच्या स्काउट पथकाला नवे तंबू हवेत. जुन्या तंबूंतून झोपल्या झोपल्या आभाळ दिसतं. निधी कसा जमवायचा, म्हणून मी मुलांकडून कल्पना मागवल्या आणि पस्तावले. एकाने माझ्या शिट्टीचा लिलाव सुचवला, म्हणजे पैसेही येतील आणि कानही सुटतील! शेवटी जुनीच वाट धरली. दोघादोघांनी घरोघर जायचं, मिळेल ते काम करायचं आणि लोक देतील ते डब्यात टाकायचं. कुणी गाड्या धुतल्या, कुणी कुत्री फिरवली. आईच्या गल्लीत मी दोन मुली पाठवल्या. म्हटलं, आई खिडक्या पुसून घेईल आणि वर दहा चुका काढेल.

त्या आठवड्यात आईकडे जाताना भिंतींवर खडूचे बाण दिसायचे. तिच्या दारापासून पावाच्या दुकानापर्यंत, आणि तिथून परत. मला वाटलं, पोरी वाटेच्या खुणांचा सराव करताहेत. एक बाण पुसट होता, तो मी थांबून गडद केला. एवढी शहाणी तुझी बहीण!

काल सभेत प्रत्येक जोडीने आपलं काम सांगितलं. त्या दोघी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमचं काम सगळ्यांत वेगळं होतं. आजींना घरची वाट सापडत नाही, म्हणून आम्ही बाण काढले. कपाटांवर चिठ्ठ्या लावल्या. आजी म्हणाल्या होत्या कुणाला सांगू नका, पण बाई, तुम्ही तर घरच्याच ना! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा, मीसुद्धा वाजवल्या. पायाखालची जमीन सरकली होती आणि हात आपले वाजतच होते.

तशीच धावत गेले. रोज त्या घरात चहा पिते मी, पण बाहेरच्या खोलीत बसून; या आठवड्यात आत डोकावलेच नव्हते. गॅसवर चिठ्ठी, 'बंद केला का?' मागच्या दारावर चिठ्ठी, 'इथून जायचं नाही'. आधी आई हसली. पोरींना काहीतरी काम द्यायला नको का, म्हणाली. मग शिवणयंत्रापाशी बसली. गिऱ्हाईक दारात दिसलं की न मोजता कापड कापणारी आपली आई, आणि म्हणाली, "सगळ्यांची मापं विसरले गं." मला रडूच फुटलं. मला का सांगितलं नाहीस म्हणून मी तिच्यावर ओरडलेसुद्धा. त्याची लाज वाटते.

डॉक्टरांकडे उद्या नेतेय. पण त्यासाठी हे पत्र नाही. बाबांचं घड्याळ हरवलं तेव्हा तिने चारचौघांत तुला चोर म्हटलं. घड्याळ पुढे गादीखाली सापडलं, तरी तिचा ताठा मोडला नाही, आणि ती चूक कबूल करेपर्यंत उंबरा ओलांडणार नाही म्हणून तू निघून गेलास. तिने मुलींकडून आतल्या खोलीतल्या फोटोंखालीही चिठ्ठ्या लावून घेतल्यात. माझ्याखाली लिहिलंय, 'धाकटी. रोज येते. ओरडते, पण मायाळू आहे.' तुझ्या फोटोखाली पोरींच्या त्याच वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलंय, 'हा थोरला. रागावून गेलाय. कशावरून ते आठवत नाही. आला की आधी माझं चुकलं म्हणायचं.' काल माझ्यादेखत तिने ती चिठ्ठी दोनदा वाचली. दादा, तिला ती वाचून कळतेय तोवर ये.

तुझीच,
भांडकुदळ धाकटी