दोन कुलपांचे घर

मी, बँकेतून निवृत्त झालेली हेडकॅशियर, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याची खात्री शेजारच्या डॉक्टरांनी केली आहे. कुलूपवाल्याला शंका आहे, पण त्याचे मत येथे ग्राह्य नाही.

१. ठेवी मुलगा व मुलगी यांना निम्म्या निम्म्या. त्यावरून वाद होणार नाही. वडिलांना शेवटी दवाखान्यात ठेवायचे की घरी आणायचे, यावरून ते दोघे भांडले आणि हे गेल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. "आई, ताईला सांग, चहा निवतोय," असे माझ्यामार्फत चालते. ताई हातभर अंतरावर बसलेली असते.

२. "भावना ओळखा, वाद मिटवा" या प्रशिक्षणाचे माझे प्रमाणपत्र आमच्या जुन्या मॅनेजरसाहेबांना द्यावे. राग आला की मनात आकडे मोजा, असे शिकवताना मध्येच कोणी हसले म्हणून साहेबांनी डस्टर फेकला होता. त्यांना त्याची गरज जास्त आहे.

३. घर. शाखेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत. एक माझ्याकडे, दुसरी अकाउंटंटकडे. एकाच किल्लीने ती उघडत नसे. अकाउंटंटना पंखा लागे आणि माझ्या नोटा उडत. एकदा शब्दाला शब्द वाढला आणि दुसऱ्या दिवशी मी किल्लीसकट घरी बसले. गिऱ्हाइकांची रांग रस्त्यापर्यंत गेली, तेव्हा ते माझ्या दारात आले. माफी मागितली नाही. म्हणाले, "बरोबर माझंच आहे. पण चला, तिजोरी उघडू. संध्याकाळी बंद केली की पुन्हा भांडू."

तसेच केले. पुढे आमचे लग्न झाले, त्यानंतरही तसेच केले. आता संध्याकाळी घर फार शांत असते.

म्हणून घर दोघांच्या सामाईक मालकीचे, आणि दाराला दोन कुलपे. एक किल्ली मुलाची, एक मुलीची. नक्कल करून घेऊ नये. सुनेला किंवा जावयाला किल्ली देऊन पाठवू नये. दोघांनी मिळून दार उघडावे आणि आत बसून पोटभर भांडावे. कोणाचे बरोबर होते हे ठरवण्याची अट नाही.

४. हे सर्व माझ्या पश्चात व्हायचे होते, पण माझी तब्येत ठणठणीत आहे आणि मला तेवढा धीर नाही. ओढताच लागणारी कुलपे काल बसवली, किल्ल्या पोचत्या केल्या आणि आज दुपारी बाहेर येऊन मी दार ओढून घेतले. मुलगा फोनवर म्हणाला, ताईला बोलाव. मुलगी म्हणाली, त्यालाच सांग. मग माझी बीपीची गोळी आत राहिल्याचे दोघांना कळवले. गोळी माझ्या पर्समध्ये आहे, हे साक्षीदारांना ठाऊक आहे.

आत्ता जिन्यावर दोघांचे आवाज येत आहेत. मुलगा विचारतोय, "किल्ली आणलीस ना?" मुलगी म्हणतेय, "तुझ्यासारखी विसरभोळी आहे का मी? चल लवकर."

मला कोणी कोणाला काही सांगायला लावलेले नाही. सही घाईत करत आहे, समजून घ्यावे.

सही: निवृत्त हेडकॅशियर
साक्षीदार: १. शेजारचे डॉक्टर २. कुलूपवाला (शंका मागे घेऊन)
ठिकाण: माझ्या बंद दाराबाहेर
दिनांक: १४ नोव्हेंबर