समोरच्या गाडीतली पुढची सीट

४ मे, संध्याकाळी सव्वापाच
मास्तर आला नाही. चहा दोघांचा केला होता, दोन्ही कप मीच संपवले.
रिटायर झाल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, चार वाजून दहा मिनिटांनी मास्तर माझ्या दारापुढच्या बाकावर हजर. बाक मी स्वतः केलेला. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केलं तेव्हा काउंटरच्या फळ्या वाया जाऊ दिल्या नाहीत. आणि आज हा माणूस कुठे? समोर! समोरच्या घरात फोटोग्राफर राहायला आलाय. त्याने आपली नवी गाडी दोन चाकं फुटपाथवर चढवून लावली आहे. मास्तर तिच्या पुढच्या सीटवर, दार उघडं टाकून बसला होता. गाडी बंद. कुठे जायचं नव्हतं. नुसता बसला होता आणि हसत होता.
माझा संबंध फक्त फुटपाथशी आहे. फुटपाथ चालणाऱ्यांचा असतो.

५ मे
मास्तरला गाठलं. म्हणाला, अरे, त्या सीटला पाठ आहे, गुडघे मोकळे सोडता येतात. तुझा बाक म्हणजे शिक्षा. बावीस वर्षं भोगली आणि आज सांगतोय! म्हटलं, तुझ्या बसण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, प्रश्न नियमाचा आहे. तो बरं म्हणाला आणि गेला. समोर.
संकल्प : नियमाने जायचं. समोर बघायचं नाही.

५ मे, सहा वाजता
पोस्टमनसुद्धा तिथे थांबला. तिघं मिळून सात वेळा हसले. मी बघत नव्हतो. खिडकीची कडी सैल झाली होती, ती घट्ट करत होतो.

८ मे
पालिकेच्या ॲपवर तक्रार केली. फोटो जोडावा लागतो, खिडकीतूनच काढला. त्यात मास्तर फारच छान आलाय. आमच्या बाकावर त्याचा असा चेहरा कधी दिसला नाही.
हिने विचारलं, अहो, राग गाडीचा आलाय की मास्तरांचा? म्हटलं, नियम मोडल्याचा. म्हणाली, त्यासाठी कुणी रोज दाढी करून चारला खिडकीत बसत नाही.

११ मे
ॲप म्हणतं, कारवाई सुरू आहे. कुठे सुरू आहे? गाडी तिथेच, मास्तर तिथेच. आणखी तीन तक्रारी टाकल्या. एक हिच्या नावाने. हिला कळलं. आज जेवताना घरात फक्त भांडी बोलली.

१४ मे
ही बोलायला लागली, पण काय बोलली! म्हणे, तो पोरगा मास्तरांना बोलू देतो. म्हणजे मी देत नाही? नावेच्या सहलीची गोष्ट मास्तर इतकी रेंगाळत सांगतो, की शेवट मीच करून टाकतो. त्याचाच वेळ वाचतो. उपकाराची जाणीव म्हणून नाही कुणाला.

१७ मे
विजयाचा दिवस असायला हवा होता.
पालिकेचा इन्स्पेक्टर आला. पिवळं जाकीट, हातात फीत, बरोबर दोन माणसं. मी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर. गाडी जाग्यावर नाही! फोटोग्राफर नेमका कामाला गेलेला. इन्स्पेक्टर म्हणाला, आजोबा, आलोच आहोत तर फुटपाथ मोजून घेतो. मीच फितीचं टोक धरलं. बाक फुटपाथच्या सव्वादोन फूट आत निघाला. म्हटलं, अहो, बाक आणि गाडी एक कसे? म्हणाला, गाडी हलते, हा हलत नाही. हे मात्र खरं. कुणी पळवू नये म्हणून पाय मीच सिमेंटमध्ये बसवले होते. पहारीने उपटला. सह्या दोन : तक्रारदार म्हणून एक, अडथळा करणारा म्हणून एक. दोन्ही माझ्याच.
संध्याकाळी मास्तर येऊन खड्ड्यांकडे बघत उभा राहिला. म्हटलं, सुटली ना तुझी शिक्षा? म्हणाला, गाढवा, बसायला मी बाकासाठी येत होतो का?
यावर मला चांगलं उत्तर सुचलं होतं. तो गेल्यावर.

२० मे
फोटोग्राफर आला. काका, बाकाचं ऐकून वाईट वाटलं, तुम्हीही गाडीत येऊन बसत जा. म्हटलं, बेकायदा उभ्या केलेल्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. तो गेल्यावर पाचवी तक्रार. या वेळी स्पष्ट लिहिलं : गाडी उचलून न्यावी.

२३ मे
गाडीत पाय ठेवला. केवळ तांत्रिक कारणासाठी. मास्तरने रस्त्यापलीकडून हाक मारली, अरे, रेडिओ खरखरतोय, तुझ्याशिवाय कोण बघणार? अँटेनाची वायर सैल होती. दहा मिनिटांचं काम, दीड तास लागला. तोंडात दोन स्क्रू धरले होते, म्हणून मास्तरची नावेची गोष्ट पुरी ऐकावी लागली. मी समजत होतो तो शेवट नव्हताच. नाव बुडत नाही.

२५ मे
रेडिओ निरीक्षणाखाली आहे. मागच्या सीटवरून आवाज जास्त नीट कळतो. ॲप उघडायला वेळ नाही.

२७ मे
चार वाजून चाळीस मिनिटं. मास्तर पुढे, मी मागे, फोटोग्राफर दाराला टेकून. इन्स्पेक्टर क्रेन घेऊन आला. नियम असा, की तक्रारदार हजर लागतो आणि गाडीत माणूस असेल तर ती उचलता येत नाही. त्याने तक्रारदाराला फोन लावला.
माझ्या खिशात वाजला.
मास्तरने मान वळवली नाही. आरशातून बघत म्हणाला, घे की, तुझाच आहे. इन्स्पेक्टर खिडकीत वाकला, आजोबा, उतरता का? तुमचीच तक्रार आहे. म्हटलं, रेडिओचं काम अर्धवट आहे. त्याने शेऱ्यात लिहिलं : तक्रारदार गाडीत बसलेला आढळला, उतरण्यास नकार.
फोटोग्राफर एवढंच म्हणाला, काका, मला सांगायचं होतंत. आणि आम्हाला उतरवून गाडी मैदानाकडच्या पार्किंगमध्ये लावून आला.

२८ मे
फुटपाथ या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा. नियमाचा पूर्ण विजय. चालायला कुणी नाही.
चारला मास्तर गुडघे सांभाळत मैदानाकडे जाताना दिसला. त्या बाजूचा फुटपाथ तपासायला हवा होता, म्हणून मीही निघालो. पोचलो तर तो पुढच्या सीटवर. हात खाली घालून खटका ओढला आणि आपली सीट जरा पुढे सरकवली. मागे पाय मावतील एवढी जागा झाली. बसलो.
रेडिओ उत्तम चालला होता. म्हटलं, अजून थोडी खरखर आहे.
म्हणाला, आहेच की. रोज बघावं लागेल.