वीस गुंठ्यांची मशागत

मी, भिकन सखाराम पगारे, वय वर्षे ७१, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार द्वारका चौकामागील कॉलनी, नाशिक, माझ्यामागे काय कुणाचे व्हावे हे आज लिहून ठेवत आहे. कुणी सांगितले म्हणून नव्हे, कुणाच्या धाकाने नव्हे. उजव्या हाताला अजून पेन पेलत नाही, म्हणून अक्षर डाव्या हाताचे आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. असल्या कागदात हे वाक्य सगळेच लिहितात आणि ते दोनदा कुणी वाचत नाही. माझ्या बाबतीत वाचले जाईल, म्हणून काय घडले ते आधी नोंदवतो.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये मला अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा पाणी मागायचे होते. तोंडातून निघाले, "वेलांटी." पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा वेलांटी. चौतीस वर्षे सिन्नरच्या शाळेत व्याकरण शिकवले, त्यातला तेवढा एकच शब्द माझ्यापाशी उरला. दुखले की वेलांटी, राग आला की वेलांटी, मुलीला हाक मारायची तरी वेलांटी. दुसऱ्यांचे बोलणे मला समजत होते. भेटायला येणारे हसू दाबत, तेही समजत होते. माझी पत्नी सुमनबाई हिने मात्र तो शब्द खराच असल्यासारखा ऐकला. कोणती वेलांटी पाण्याची आणि कोणती रागाची, हे तिला आठवडाभरात आवाजावरून कळू लागले.

कलम १. सिन्नरपुढील माझी वीस गुंठे जमीन मी पत्नी सुमनबाई हिला संपूर्ण मालकी हक्काने देत आहे. तिने ती कसावी, विकावी किंवा पड ठेवावी. कुणी तिला कारण विचारू नये. कारण मी सांगतो.

ही जमीन मी २०१० साली घेतली ती पुढे प्लॉट पडतील या हिशेबाने. मुरमाड, पहार मारली तर खण्णकन वाजणारी. माझे वडील जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले आणि मला शाळेत घातले ते मी मातीतून सुटावे म्हणून. त्यामुळे हाताला माती न लागणे ही मी माझी कमाई समजत आलो. सुमनबाई शाळेत गेलेली नाही. ती माझ्या मनाविरुद्ध बसने तिथे जाऊ लागली. तिने दगड वेचले, तलावातला गाळ आणून टाकला, खतासाठी धनगरांच्या मेंढ्या बसवल्या. शाळेत कुणी विचारले की मी सांगत असे, ती घरीच असते. हे खोटे मी येथे मागे घेतो.

आजारपणात वाचा-उपचार करणाऱ्या बाई मला चित्रांची कार्डे दाखवत. सफरचंद, मोटार, छत्री. बाई चांगल्या होत्या, पण मला घाम फुटे. सुमनबाईने दोन बैठका दारात उभे राहून पाहिल्या. मग बैठका चालू ठेवूनच तिने मला आठवड्यातून तीनदा जीपने शेतावर न्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तिने मला बांधावर बसवले, डाव्या हातात मातीचे एक ढेकूळ ठेवले आणि म्हणाली, "ढेकूळ." एकदाच म्हणाली आणि कामाला लागली. पुढच्या खेपेला खुरपे दिले, त्याचे नाव सांगितले, कामाला लागली. मुलगी स्नेहा तिला म्हणाली की बाबांकडून वदवून घे.

"पेरलं की रोज उकरून बघत नाय कोणी," सुमनबाई म्हणाली.

असे सात महिने गेले. मार्चमध्ये हरभरा निघाला होता, नांगरट झाली होती आणि मी बांधावर बसलो होतो. "ढेकूळ," असे कुणीतरी बोलले. कोण बोलले म्हणून मी मागे वळून पाहिले. मागे कुणी नव्हते.

सुमनबाईने मान वर केली नाही. "हां," ती म्हणाली. "मग फोडा ते."

कुदळीच्या मागच्या बाजूने मी ते फोडले. आत काळी ओल होती आणि त्यात एक गांडूळ हलत होते. ज्या जमिनीत पहार जात नव्हती तिच्यात. अकरा वर्षे ही बाई बसने येऊन हे करत होती, आणि मला वाटत होते की ती वेळ घालवते. मी कितीतरी वेळ ते ढेकूळ बघत राहिलो. तेव्हा मला काय वाटले त्याचा शब्द मला अजून परत मिळालेला नाही.

त्यानंतर खुरपे आले, वाफा आला, तण आले. मग भूक, ऊन, मग माणसांची नावे. दुसऱ्या वर्षी मी तिला अडखळत विचारले की पेरणीआधी तू हे जे सगळे करतेस, त्याला काय म्हणतात.

"मशागत," ती म्हणाली. "तुम्हीच तर पोरांना शिकवायचे."

कलम २. शिकवायचो खरे. नववीच्या पेपरात मी दरवर्षी विचारत असे, 'मशागत' हा शब्द वाच्यार्थाने आणि लक्ष्यार्थाने वाक्यात वापरा. लक्ष्यार्थाला 'मनाची मशागत' एवढेच उत्तर मला मान्य होते, कारण बक्षीस समारंभाच्या भाषणांत मी तेच म्हणत असे. चिमाजी नावाच्या विद्यार्थ्याने लिहिले होते, 'आईने माझी मशागत केली.' मी ते चूक दिले आणि वर्गात वाचून दाखवले. वर्ग हसला.

आम्हाला शेतावर नेणारी जीप हाच चिमाजी चालवतो. मला उचलून बसवायचाही तोच. बोलता येऊ लागल्यावर मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मला नाय आठवत, सर." घरी आल्यावर सुमनबाई म्हणाली की त्याला आठवते; न आठवणारा माणूस इतक्या पटकन बोलत नाही. तेव्हा मी लिहून देतो की त्याचे उत्तर बरोबर होते. कापलेले दोन गुण आणि माझा शब्दकोश मी त्यास देत आहे. भाषणांच्या वह्या रद्दीत द्याव्यात.

कलम ३. राहता फ्लॅट सुमनबाईच्या हयातीत तिच्याकडे राहील. तिच्यामागे मुलगा रवी आणि मुलगी स्नेहा यांना समान. रवीला शेत विकायचे होते. मी अंथरुणात असताना तो बहिणीला म्हणाला होता, "बाबांची सही आता धरील का कुणी?" ते मला ऐकू आले आणि मी ते चार वर्षे मनात ठेवले. काल डॉक्टर माझी बुद्धी शाबूत असल्याच्या दाखल्यासाठी घरी आले, तेव्हा रवी शेजारी बसला होता. डॉक्टरांनी घड्याळ दाखवले, मी सांगितले. पेन सांगितले. चष्म्याला अडलो. डॉक्टर पुढची वस्तू घेणार, तेवढ्यात रवी हळूच म्हणाला, "थांबा डॉक्टर. येईल."

त्याने ओठ हलवूनसुद्धा मला सुचवले नाही. बऱ्याच वेळाने चष्मा आला. रवीविषयी माझी काही तक्रार राहिलेली नाही.

कलम ४. माझ्यामागे बुद्धवंदना घ्यावी, जेवणावळी घालू नयेत. रक्षा शेतात टाकावी अशी माझी इच्छा आहे, परंतु जमीन सुमनबाईची असल्याने निर्णय तिचा. तिला विचारले तर ती म्हणाली, "बघू. कुळवाची पाळी घालायच्या आधी असंल तर चालंल."

शेवटी एक खुलासा. वकिलांनी सांगितले की ज्याला मिळते त्याने साक्षीला सही करू नये. तो सल्ला मी पाळला आहे. त्यामुळे या कागदातला एकेक शब्द जिने माझ्यात पुन्हा उगवून आणला, तिचे नाव खालच्या सह्यांत दिसणार नाही. वाचणाऱ्याने ते तिथे आहे असे धरून वाचावे.

ठिकाण: नाशिक
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

भिकन सखाराम पगारे
(सही, डाव्या हाताची)

आमच्या समक्ष त्यांनी हे मोठ्याने वाचले, न थांबता नव्हे पण पूर्ण, आणि सही केली:
१. यशोदाबाई केदारे, निवृत्त शिक्षिका, सिन्नर
२. सुनील कर्डक, शेजारी, नाशिक

सोबत: डॉक्टरांचा दाखला