पाचवा रकाना

४ जानेवारी, रविवार
संकल्प: बोर्ड गेम्सचं मराठी मासिक काढणार. मोबाइलवाले गेम नव्हेत. टेबलावर पट मांडून, फासे टाकून खेळायचे. दर रविवारी लालबागला राजरत्नच्या घरी आम्ही तिघं खेळतो. तो, नूपुर आणि मी. संपादक अर्थातच मी. कोणी विचारलं नाही, मीच जाहीर केलं. चाळीस वर्षांत माझं नाव फक्त लग्नपत्रिकेत छापून आलंय, आता बास. पहिला अंक १ मे, दादरच्या गेम्स मेळाव्यात. आधी मासिकाचं नाव. नावात दम हवा.

११ जानेवारी, सकाळी
'रणमर्द'. फायनल!

११ जानेवारी, संध्याकाळी
सुनेत्रा म्हणाली, व्यायामशाळेचं वाटतं. बायकोला यातलं काय कळतं! रद्द केलं.

१ फेब्रुवारी
बावीस नावं झाली. वहीला कव्हर घातलं. आज खेळताना माझ्या चालीला नेहमीसारखा थोडा वेळ लागला. पंचवीस मिनिटं. दोघं एकदम ओरडले, खेळ ना रे! विचार करून खेळणाऱ्याची या शहरात कदर नाही. नूपुर मधल्या वेळात लॅपटॉपवर काहीतरी बडवत होती. ऑफिसचं असेल.

१५ फेब्रुवारी
मासिकाच्या नावनोंदणीचा सरकारी फॉर्म. पसंतीप्रमाणे पाच नावं द्यायची. चार दणक्यात भरली: दिग्विजय, व्यूहरचना, महासेनानी, पटसम्राट. पाचव्या रकान्यावर अडलो. तासभर. राजरत्न म्हणाला, अरे भर ना काहीतरी, पाचव्याला कोण विचारतंय? माझंही तेच मत. फॉर्म नूपुरकडे सरकवला, म्हटलं, तू टाक काहीही. वडे आणायला खाली उतरलो.

८ मार्च
राजरत्न विचारतो, संपादकीय कुठाय? नाव मिळाल्याशिवाय संपादकीय लिहायचं कशावर? तत्त्वाचा प्रश्न आहे. तो ओके म्हणाला. समजूतदार आहे.

१७ एप्रिल
उत्तर आलं. माझी चारही नावं आधीच कोणी ना कोणी घेतलेली. महासेनानी तर म्हणे कुक्कुटपालनाचं. पाचवं मंजूर! पाचवं काय होतं, ते मलाच ठाऊक नव्हतं. उघडून बघितलं.
'खेळ ना रे!'
डोकंच फिरलं. नूपुरला फोन लावला. ती म्हणाली, तूच म्हणालास काहीही टाक, दर रविवारी हेच तोंडात बसलंय. मी फोन आपटला. राजीनामा देणार. पहिल्या वाक्यावर अडलोय.

१ मे, शुक्रवार
दोन आठवडे रुसून होतो, कोणी समजूत काढायला आलं नाही. शेवटी स्वतःच दादरला गेलो. अंक छापून तयार! अठ्ठेचाळीस पानं. सगळे लेख त्या दोघांचे. लोक नाव मोठ्याने वाचून हसत होते आणि अंक उचलत होते. दुपारपर्यंत गठ्ठा संपला.
पहिलं पान उघडलं. संपादक: मी. खरंच मी! डोळ्यांत पाणीच आलं.
पान उलटलं. अर्पणपत्रिका: 'ज्यांच्या चालीची वाट बघता बघता हा अख्खा अंक लिहून झाला, त्या आमच्या संपादकांना.'
पहिल्यांदा वाचलं तेव्हा गौरव वाटला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा लागलं. चांगलंच लागलं. परळला घरापर्यंत चालतच आलो.
सुनेत्राने अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला. विचारलं, यात तुझं काय आहे?
म्हटलं, अर्पणपत्रिका.