बरोबर वाजतोय

५ नोव्हेंबर, बुधवार

नाही म्हणाले! सोनगीरचे सुपडू आबा — तांब्याची भांडी हातानं घडवतात, वय शहात्तर. मी अठ्ठावन्न, गेल्या शुक्रवारी निवृत्त. "आते शिकीसन काय करशी?" म्हणे. धुळ्याला परत. मंजुळा म्हणाली, "तांब्याच हवाय ना? बाजारात मिळतो." बायकोला कसं सांगू — एकतीस वर्षं ऑफिसात कागद इकडून तिकडे केले, हातात धरता येईल अशी एक वस्तू केली नाही. एक तांब्या करायचाय. बस्स.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा गेलो. आबा पाठमोरे बसलेले. तीनदा हाक मारली, वळले नाहीत. तुसडा माणूस! शेवटी समोर जाऊन उभा राहिलो. "तीन पत्रा देस. तिन्ही फुटनात ते घर चालना जा." म्हणजे तीनच संधी.

१० नोव्हेंबर, सोमवार

पहिला धडा. सपाट पत्रा ठोकत ठोकत खोलगट करायचा. ठोकलं की तांबं कडक होतं. मऊ असेल तर बद-बद वाजतं, कडक झालं की खणखण. खणखण वाजलं की थांबायचं, भट्टीत लाल करायचं, पुन्हा मऊ. नाहीतर फुटतं. एवढंच.

आबा मधूनमधून माझा हात थांबवून विचारतात, "कसा वाजस?" परीक्षाच! मी म्हणतो, "बरोबर वाजतोय, आबा." साहेबांनी काहीही विचारलं तरी मी 'बरोबर'च म्हणायचो. कधी अंगाशी आलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला फुटला. अंगठा सुजलाय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुसराही गेला. खरं सांगायचं तर खणखण मला ऐकू येत होतं. पण सारखं भट्टीकडे पळायचं म्हणजे अगदीच नवशिका दिसतो. म्हणून 'बरोबर'. आबा उत्तर ऐकताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात. दातात काही अडकलंय का, घरी येऊन आरशात पाहिलं. नव्हतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज खुद्द आबांचं घंगाळ फुटलं! लग्नात द्यायचं, पंधरा दिवसांचं काम. मी समोरच बसलो होतो. ठोकता ठोकता मलाच विचारलं, "कसा वाजस?" खणखण वाजत होतं, पण गुरूच्या कामाला मी नावं ठेवणार? "एकदम बरोबर," म्हणालो. थोड्याच वेळात काठाला बोटभर चीर.

आबा चिरेवरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "हात गया मना. आते भट्टी बंद." फार वाईट वाटलं. "वयामुळे होतं, आबा," म्हणून धीर दिला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गेलो नाही. भाजी निवडली.

४ डिसेंबर, गुरुवार

झाला! कबूल केलेला तिसरा पत्रा तेवढा होऊ दे, म्हणून आबांनी सोमवारी भट्टी पेटवली. हा फुटला की मी घरी — त्या भीतीनंच खरं बोललो. "कसा वाजस?" "खणखण, आबा." भट्टी. पुन्हा खणखण, पुन्हा भट्टी. चार दिवस हेच. आज संध्याकाळी तांब्या उभा राहिला. डावीकडे कलतो, पण पाणी गळत नाही! आबा हसले. मी पहिल्यांदाच पाहिलं त्यांना हसताना.

मंजुळानं फिरवून फिरवून पाहिला. "तुमच्यासारखाच उभा राहतो," म्हणाली. मग पाणी भरून माझ्या उशाशी ठेवला.

५ डिसेंबर, शुक्रवार

पेढे घेऊन गेलो. आबा घरी नव्हते — ऐरण विकायला गेलेत! त्यांची सून बेबाबाई म्हणाली, "भाऊ, हात चांगला शे त्यास्ना. दोन वरीस झायात, तांबाना आवाज ऐकू येत नही. कोनले सांगू देत नहीत. म्हनीसन तर तुमले ठेवं."

घंगाळ मी फोडलं. आबांना वाटतंय, हात गेला.

उद्या पहिल्या गाडीनं जायचं आणि सांगायचं. समोर उभं राहून, तोंड दिसेल असं.