दोन मिनिटांच्या मौनातलं बदक

दि. ३ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि माझ्या लिंका घरात कुणी उघडत नाही, म्हणून हे पत्र. वीस तारखेला अकरा वाजता नोंदणी कार्यालयात माझं लग्न आहे. मुलगी नर्स आहे. खरीखुरी आहे. आम्ही एक व्हिडिओ केलाय, त्यात मी हात जोडून बाबांची माफी मागितलीय. चारदा पाठवला, त्यांनी उघडला नाही. पत्र न फोडता परत आलं. (मागच्या पाकिटातून कागदी साप निघाला होता, हे कबूल.) स्वतः आलो, तर ते मागच्या दारानं ऑफिसात गेले. बाबा नसतील तर मी सही करणार नाही. व्हिडिओ तुझ्या फोनवर टाकलाय. काहीतरी कर.

तुझ्या धाकात आणि लाडात वाढलेला,
गोटू

दि. ८ मार्च

चि. गोटूस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं, त्यात एकदा चष्मा लावून. व्हिडिओही पाहिला. पोरगी गुणाची दिसते, बोलताना तुला कोपरानं ढोसते, ते मला आवडलं. बदक आलं नाही म्हणून जरा हिरमुसले. ‘गुडघेदुखीवर उपाय’ असं वर लिहून तू ते नाचऱ्या बदकाचं चित्र फोनवर पाठवलंस, तेव्हापासून रोज सकाळी बघते. गुडघा आहे तसाच आहे, पण मला करमतं.

तुझ्या बापाला मात्र ते नको होतं रे पाठवायला. ‘ड्युटीत तातडीचा बदल’ असं वर लिहिलेलं, त्यानं उघडलं ते नेमकं मोठ्या साहेबांच्या शोकसभेत. पाणीपुरवठ्याचं अख्खं खातं दोन मिनिटं मान खाली घालून उभं, आणि ह्याच्या हातात बदक तुतारी वाजवत नाचतंय. बंद करायचं बटण सापडेपर्यंत एक मिनिट चाळीस सेकंद गेले, असं शिपाई सांगतो. आता तो पाणीसुद्धा फुंकून पितो. तुझं लग्न आहे म्हणाले, तर म्हणे, आई, तुलाही बनवलं त्यानं.

बघते काय करायचं ते. मी दुसरीपर्यंतच शिकले, पण दुसरीत दोन वर्षं होते, त्यामुळे पाया पक्का आहे.

जीव लावतोस तसाच लावत राहा.
तुझी आजी

दि. ११ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तू काहीही कर, पण बाबांना फसवून व्हिडिओ दाखवू नकोस. पुन्हा फसवलं तर ते माझं तोंड कायमचं बघणार नाहीत. घाईत आहे.

तुझा,
गोटू

दि. १४ मार्च

चि. गोटूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तोवर फसवून झालं होतं.

तुझा व्हिडिओ मी माझ्या फोनवरून तुझ्या बापाला पाठवला आणि वर लिहिलं, ‘टेकडीवरच्या टाकीला तडा’. एवढं लिहायला पाऊण तास लागला. तो आंघोळीतून ओलाच बाहेर आला. उघडून बघतो तर तू हात जोडून उभा! अंगठा आवाजाच्या बटणावर ठेवून त्यानं शेवटपर्यंत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. नाक ओढलं, ते ओल्या अंगामुळे असेल. मग मला विचारलं, टाकी ठीक आहे ना? मी म्हणाले, मला काय ठाऊक बाबा, तूच जाऊन बघ. तो खरंच गेला. दोन तासांनी आला आणि म्हणाला, टाकी शाबूत आहे, पण आई, ह्या वयात तुला हे शोभत नाही. मी बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यानं नोंदणी कार्यालयात तीनदा फोन केला, तिन्ही वेळा वेगळ्या माणसाला विचारलं. सूनबाईच्या दवाखान्यातही जाऊन आला आणि लांबूनच बघून परतला. तुला म्हणून सांगते, त्यानं वीस तारखेची रजा टाकलीय. अर्ज मी वाचला. कारणापुढं लिहिलंय, ‘मुलाचं लग्न’, आणि खाली साहेबांसाठी एक ओळ, ‘खात्री केली आहे’.

सूनबाईला आशीर्वाद. दोघं माझ्यावर माया ठेवा.
तुझी आजी