फोटो अलीकडचा पाहिजे

२ जानेवारी १९७८, सोमवार
नवी डायरी. आजपासून रोज लिहायचं. खाडाखोड नाही, सबबी नाहीत.

दाक्षायणीचं कुवेतहून पत्र आलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात बाळंत होणार. एवढा प्रवास डॉक्टर नको म्हणतात, तेव्हा आम्ही दोघांनीच तिकडे यावं. तिकिटं जावईबापू काढणार. पासपोर्ट तेवढे आम्ही काढायचे.

पार्वती पत्र हातात धरून बसून राहिली. एकुलती एक लेक, पहिलं बाळंतपण, तेही समुद्रापलीकडे. मी म्हणालो, घाबरू नकोस, कागदपत्रांचं माझ्यावर सोड. मिलच्या टाइम ऑफिसात एकवीस वर्षं मी दुसरं काय करतोय? ती म्हणाली, "म्हणूनच इचारते. वेळेत हुईल न्हवं?"

५ जानेवारी
फॉर्म आले. सोबत प्रत्येकी तीन फोटो, 'अलीकडे काढलेले'. पार्वती दुपारीच बिरप्पाच्या स्टुडिओत जाऊन बसून आली. केस विंचरले तेवढंच. बायकांना घाई फार.

मला स्टुडिओची गरज नाही. सन ६१चा फोटो तयार आहे. मिलमध्ये कायम झालो त्या आठवड्यात काढलेला. कोट, टाय, उजवीकडे भांग, नजर जरा वर. तेव्हा चाळीस कॉपी काढल्या होत्या, अजून सव्वीस आहेत.

'अलीकडचा' म्हणजे काय, याचा विचार केला. आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराचं देऊळ आठशे वर्षांचं. त्या हिशेबाने सन ६१ म्हणजे काल दुपार.

९ जानेवारी
ऑफिसात काम फार. मुकादम महिपतीचा गेटपास परत पाठवला. फोटोत मिशी, तोंडावर नाही. बिचारा गयावया करत होता, पण फोटोवरून माणूस ओळखू आला नाही तर गेटवरच्या शिपायाने करायचं काय? नियम म्हणजे नियम.

१२ जानेवारी
फोटोंच्या मागे राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागते. शिवप्पासाहेबांकडे गेलो. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे. त्यांनी माझा फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, 'छान' म्हणाले आणि सही केली. अधिकारी असावा तर असा.

पार्वतीने फोटो बघितला. मग म्हणाली, "ह्यो लई देखणा होता." 'होता' शब्द खटकला. फॉर्म रजिस्टरने पाठवले.

१५ जानेवारी
चौकशीला घरी पोलीस येतात म्हणे. फोटो आणि माणूस ताडून बघतात. फरक जवळजवळ नाहीच, तरी जो थोडा असेल तो काढून टाकायचा. संकल्प:
पहाटे तलावाला दोन चकरा.
भाकरी एकच.
शेंगाचटणी बंद.

१६ जानेवारी
एक चक्कर. तीही सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेमुळे अर्धीच. भाकरी दोन, कारण चाललो होतो.

१७ जानेवारी
शेंगाचटणी पूर्ण बंद करणं शरीराला घातक असावं. दुपारपासून चक्कर येत होती. चमचाभर घेतल्यावर थांबली.

२ फेब्रुवारी
फिरायला गेलो नाही. थंडी.

१९ फेब्रुवारी
कमरेचं जाऊ दे, फोटो छातीपर्यंतच असतो. खरा मुद्दा केसांचा. मागे भरपूर आहेत, पुढे आणता येतील. कलप आणला. पार्वती म्हणाली, "कुवेतच्या डाक्टरला बाळाचं तोंड बघायचंय, तुमचं न्हाय." तिला यातलं राजकारण कळत नाही.

२१ फेब्रुवारी
अत्यंत वाईट दिवस. शांतपणे लिहितो.

सकाळी साडेनऊ. मी मोरीत कलप लावून बसलो होतो. बाहेर हवालदार आला. पार्वतीचा फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, टिक केली. मग माझा फोटो काढून विचारलं, हे कुठं आहेत? ती म्हणाली, न्हातायत. हवालदाराने तेवढ्यात शेजारच्या धोंडप्पाला बोलावलं आणि फोटो दाखवला.

धोंडप्पा अकरा वर्षांचा शेजारी. रोज माझ्याकडून पेपर नेतो. तो म्हणाला, "ह्यो मानूस हितं न्हाय ऱ्हात. हितं शरणप्पाअण्णा ऱ्हात्यात, वयस्कर हायत. त्यांचा पोरगा म्हणावं तर त्यांना पोरगाच न्हाय."

एवढं ऐकून आत कोण बसेल? टॉवेलवरच बाहेर आलो. म्हणालो, मीच तो. हवालदार फोटोकडे बघतो, माझ्याकडे बघतो. कलप कानामागून गळ्यावर उतरलेला. अगदी अदबीने विचारलं, "आपण थोरले बंधू का?"

पार्वती पदर तोंडाला लावून आत गेली. पोटात दुखत असावं.

हवालदार माणूस चांगला. नवीन फोटो काढून दोन दिवसांत चौकीवर आणून द्या, रिपोर्ट तोवर थांबवतो, म्हणाला. मी ताठ सांगितलं की हा फोटो माझाच आहे आणि त्यावर अधिकाऱ्याची सही आहे. तो 'बरं' म्हणाला, काहीतरी लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेला.

२३ फेब्रुवारी
पार्वती म्हणते, बिरप्पाकडे चला, पाच मिनिटांचं काम. प्रश्न पाच मिनिटांचा नाही, तत्त्वाचा आहे. धोंडप्पाला पेपर बंद.

४ मार्च
पासपोर्टवाल्यांना इंग्रजीत पत्र पाठवलं. चार पानं. माणसाचा चेहरा कशाने ठरतो, याची चर्चा. शेवटी सरळ प्रश्न: 'अलीकडचा' म्हणजे नेमका किती? याचं उत्तर त्यांना देता येणार नाही.

१९ एप्रिल
उत्तर आलं. दोन ओळी. सहा महिन्यांच्या आतला. नवीन फोटो आणि नवीन फॉर्म पाठवा.

त्याच टपालाने पार्वतीचा पासपोर्ट आला.

२० एप्रिल
आता नवीन फॉर्म भरला तरी मेच्या आत पासपोर्ट मिळत नाही. पार्वतीला म्हणालो, आता तुझंही जाणं कठीण. तू विजापूरच्या पलीकडे कधी एकटी गेलेली नाहीस. इंग्रजी नाही, हिंदी ही अशी. ती भाकरी थापत होती. न थांबता म्हणाली, "मी जानार."

मी म्हणालो, नीट विचार कर. ती म्हणाली, "पोरगी वाट बघाय लागल्या. इचार कसला करायचा त्यात?" मग तव्यावरची भाकरी उलटत, "तुमी त्या दिवशी फोटो काडला असता तर..." एवढंच बोलली. पुढची भाकरी तव्यावर टाकली.

जेवण गेलं नाही. म्हणजे दोनच गेल्या.

१० मे
पार्वतीसाठी सूचना लिहून काढल्या. एकूण एकतीस. विमानात कसं बसायचं, पट्टा कसा बांधायचा, कोणी काही विचारलं तर काय म्हणायचं. मी विमानात बसलेलो नाही, पण कल्पना आहे. कागद घडी घालून तिच्या पिशवीत ठेवला.

२४ मे, मुंबई
विमानतळावर सोडायला आलो. तिच्याकडे ट्रंक, हुग्गीच्या खिरीसाठी गहू, आणि जी मी दिवसभर सांगूनही तिने खाली ठेवली नाही ती शेंगाचटणीची बरणी. काचेपलीकडे मला सोडत नव्हते. तिथून बघितलं. अधिकाऱ्याने एकदा फोटो बघितला, एकदा तिला, आणि शिक्का मारला. अर्धं मिनिटसुद्धा नाही.

तिने वळून हात केला. मग ट्रंक उचलणाऱ्याला काहीतरी दरडावत पुढे गेली. मी बराच वेळ तिथेच होतो. काचेला धरून उभं राहू नका, असं एक शिपाई सांगून गेला.

२६ मे, सोलापूर
परत आलो. एकतीस सूचनांचा कागद घरीच सापडला. तांदळाच्या डब्याखाली. डबा डुगडुगत होता, तो आता डुगडुगत नाही.

७ जून
तार. मुलगा. दोघंही सुखरूप. ऑफिसात पेढे वाटले. सगळ्यांनी विचारलं, तुम्ही इथे कसे? सांगितलं, टाइम ऑफिस सोडून कसा जाणार? महिपतीला दोन पेढे दिले. त्याने पुन्हा मिशी ठेवली आहे.

११ जून
बिरप्पाच्या स्टुडिओत गेलो. सहज, त्या बाजूने चाललो होतो. कोट नेला नव्हता. बसतच नाही तो. बिरप्पाने हनुवटी धरून तोंड सरळ केलं आणि म्हणाला, "अण्णा, वर बघू नगा, माझ्याकडं बघा की."

१४ जून
फोटो आणले. पाकीट घरी येऊन उघडलं तर आत दुसऱ्याच कोणाचे. तसाच परत गेलो. बिरप्पा म्हणाला, तुमचेच आहेत. मी म्हणालो, नाहीत. त्याने भिंतीवरचा आरसा काढून माझ्यापुढे धरला.

आरशात आप्पा होते. आमचे वडील, त्यांच्या शेवटच्या वर्षातले. गालांची तीच खोबण, तेच ओठ मिटणं. फक्त माझा शर्ट घातलेले.

आप्पा जाऊन चौदा वर्षं झाली. त्यांचा असा नीट फोटो घरात एकही नव्हता. बिरप्पाला सांगितलं, तीनच्या ऐवजी चार दे.

१६ जून
फॉर्म पाठवला. कलपाची बाटली धोंडप्पाला दिली. त्याला गरज आहे. पेपरही सुरू केला.

३० जुलै
पार्वतीचं पत्र, दाक्षायणीच्या हातचं. बाळ मजेत. पार्वती एकटी बसने बाजाराला जाते. भाजीवाल्याशी कन्नडमध्ये भाव करते, तो अरबीत बोलतो, आणि भाव उतरतो म्हणे. मला कसं चाललंय विचारलं आहे. उत्तम, असं कळवलं. धोंडप्पाच्या गौरम्मावहिनी भाकरी पाठवतात. भाकरी चांगली असते. पण घरातल्यासारखी फुगत नाही.

११ सप्टेंबर
पासपोर्ट आला! निळा, ताठ. साहेबांनी रजा मंजूर केली. कुवेतला तार केली: येतोय. संकल्प: अरबीचे दहा शब्द रोज पाठ करायचे.

१२ सप्टेंबर
एक शब्द झाला.

१४ सप्टेंबर
उलट तार. येऊ नका. आम्हीच निघालो. वीस तारखेला सोलापूर.

२० सप्टेंबर
सकाळी स्टेशनवर गाडी वेळेत. आधी पार्वती उतरली, मग जावईबापू, मग दाक्षायणी. पार्वती सगळ्यांवर हुकूम सोडत होती, हमालावरसुद्धा. मला म्हणाली, वाळलात. पहिल्यांदाच म्हणाली.

बाळ प्रत्येकाकडे जाऊन रडतं, असं दाक्षायणी रस्ताभर सांगत होती. जावईबापूंच्या मित्रांकडे रडलं, हवाईसुंदरीकडे रडलं, घरी आल्यावर गौरम्मावहिनींनी हात पुढे केले तेव्हा आख्खी गल्ली गोळा झाली. मी जरा वेळ जाऊ दिला. चहा झाल्यावर खुर्चीत नीट बसलो आणि म्हणालो, आणा इकडे.

मांडीवर दिलं. एक हूं नाही की चूं नाही. असंच पाऊण तास. सगळ्यांना सांगितलं, बघा, रक्त ओळखतं. लहान मुलांना माणसाची पारख उपजतच असते.

पार्वती आतून आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "कवाचं झोपलंय ते."